अंगणात फरशी नको

नीलतरंग सोसायटीच्या लोकांना तळं फार आवडायचं, पण वरून. पाहुणा आला की त्याला आधी बाल्कनीत न्यायचं आणि मग पाणी विचारायचं, अशी तिथली रीत. थंडीत खाडीकडून रोहित पक्षी येऊन तळ्यात उतरले की सगळ्यांच्या स्टेटसला तोच गुलाबी फोटो. तळमजल्यावरच्या सुमेधा हिवराळेच्या घरी मात्र तळं चालत यायचं. तिच्या मागच्या दारापुढे मातीचा रुंद पट्टा, त्यापलीकडे कमरेएवढी भिंत, भिंतीला पाणी निघून जायला ठेवलेली भोकं. त्या भोकांतून ज्याला यावंसं वाटेल तो यायचा.

पाणकोंबडी आपली काळी पिल्लं घेऊन अळवात शिरायची. मुंगसाची जोडी भिंतीकडेने तुरुतुरु जायची, जणू उशीर झालाय. खंड्या कपड्यांच्या दोरीवर बसून टॉवेलवर बिनदिक्कत घाण करायचा. आणि एक घोरपड होती. उन्हं तापली की ती जांभळाच्या बुंध्याशी पोट टेकून पडायची आणि जीभ आतबाहेर करत जगाचा अंदाज घ्यायची. सुमेधाने उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केलेली. वॉर्डात कोणी कसंही आलं तरी हाकलायचं नाही, ही सवय हाडीमाशी भिनलेली. अंगणातही तिने तेच धोरण ठेवलं.

रिटायर झाल्यावर ती बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं वळेनात. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. तिला तो चेंडू बघूनच वीट यायचा. त्याच सुमारास ती नावड्याला धाकट्या भावाकडे, सुगतकडे गेली होती. कॉलनीबाहेरच्या मोकळ्या रानात दरवर्षीसारखे धनगर उतरले होते. तिथे एक म्हातारी उभ्या उभ्या काळी लोकर कातत होती. एका हातात लोकरीचा पुंजका, दुसऱ्या हाताने लाकडी चाती गरगर फिरवून सोडलेली, आणि मधल्या हवेत सूत तयार होत होतं. सुमेधा बघतच राहिली.

"शिकायचंय व्हय?" म्हातारीने विचारलं. तिचं नाव बयाबाई.

"हात धड नाही माझा."

"मग तर शीकच. चातीला हाताची लाज न्हाई."

पहिले कित्येक दिवस सूत तुटायचं, नाहीतर कुठे करंगळीएवढं जाड तर कुठे केसासारखं बारीक व्हायचं. बयाबाईने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. तुटलं तर गाठ मारायची नाही. दोन्ही टोकं विस्कटायची, एकावर एक ठेवायची आणि पीळ द्यायचा. निघताना तिने पोतंभर लोकर सुमेधाच्या गळ्यात मारली. "घिऊन जा. कुनी इकत घेत न्हाई आता. आमी जाळूनच टाकतो."

पावसाळ्यापर्यंत सुमेधाची बोटं वळायला लागली होती आणि कातण्याचं वेडही लागलं होतं. मागच्या अंगणात टपात लोकर भिजवायची, चार पाण्यांतून काढायची, दोरीवर वाळवायची, कुत्र्यांचे केस विंचरायच्या ब्रशने पिंजायची आणि संध्याकाळी जांभळाखाली बसून कातायची. शिंपी पक्ष्यांनीही हा कारखाना हेरला होता. दोरीवरची लोकर चोचीने ओढून ते शिवलेल्या पानात अस्तर घालायचे. नवरा, अभय, निवृत्त कारकून आणि स्वभावाने शांत. तो चहा घेऊन यायचा आणि लांबूनच बघायचा. "एवढी लोकर कशाला गं? नवी मुंबईत थंडी पडते कुठे?" असं एकदा म्हणाला, तेवढंच.

भिजलेल्या लोकरीला वास येतो, हे खरं. मेंढीचा, लेंड्यांचा, ओल्या रानाचा. तो वास दोन मजल्यांपलीकडे जात नसेल, पण तक्रार पाचव्या मजल्यावरून आली. त्यातच एका दुपारी घोरपड फिरत फिरत सोसायटीच्या बागेत गेली आणि झोपाळ्यावरच्या पोरांनी बोंब ठोकली. कोणी म्हणालं मगर, कोणी म्हणालं विषारी. अध्यक्ष शिवतेज यांनी लगोलग सभा लावली.

शिवतेज चाळिशीतले, इंटिरियरच्या धंद्यातले, बोलण्यात गोड. विषय साधा होता: तळ्याकडची सगळी अंगणं फरशी टाकून पक्की करायची, भिंतीची भोकं बुजवायची, झाडं काढायची, आणि 'दुर्गंधी पसरवणारे छंद' बंद करायचे.

सुमेधा हातातली चाती न ठेवताच सभेला गेली होती. मुद्दाम नव्हे, सूत अर्धवट होतं म्हणून. पण खुर्चीवर बसून ती कातायला लागली तसे मागच्या रांगेतले लोक कुजबुजले.

"घोरपड विषारी नसते," ती म्हणाली. "उंदीर खाते. आणि माझं अंगण माझ्या करारात आहे. मला फरशी नको."

"मॅडम, तुम्ही एकट्याच आहात," शिवतेज हसून म्हणाले. "बाकी सगळे तयार आहेत. सगळ्यांनी ॲडजस्ट करायचं असतं. फ्लेमिंगो आले तर कोणी तक्रार करतं का? पण हे सरपटणारं, हा वास... आता कसंय, काही लोकांना घाणीत राहायची सवयच असते. ही सोसायटी आहे, वस्ती नाही."



सुमेधाचा हात थांबला आणि सूत तुटलं. हे वाक्य तिला नवं नव्हतं. तिच्या आईने ते गावात विहिरीपासून लांब उभं राहून ऐकलं होतं. तिने स्वतः ते नर्सिंग हॉस्टेलच्या मेसमध्ये ऐकलं होतं, तेव्हा ताट उचलून खोलीत जाऊन जेवली होती. शब्द बदलायचे, चाल तीच. अभयने तिच्या कोपराला हात लावला. गप्प बस, असा त्याचा अर्थ. ती उभी राहिली.

"काही लोक म्हणजे कोण?"

"अहो, मी जनरल बोललो."

"मी जनरल नाही. मी सुमेधा हिवराळे. तळमजल्यावर राहते. काही लोक म्हणजे कोण, तेवढं वाक्य पूर्ण करा. सगळे ऐकतायत."

शिवतेजनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांना एकदम आपापल्या मोबाईलमध्ये काहीतरी सापडलं होतं.

"तुम्ही उगाच इमोशनल होताय."

"होत नाहीये. जन्मभर लोकांची पू-रक्ताची ड्रेसिंगं केलीत मी. इथल्या दोन-चार जणांच्या आईवडिलांची पण केलीत. घाण काय असते ते मला सांगू नका. सेक्रेटरीसाहेब, आत्ताचं वाक्य मिनिट्समध्ये घ्या. जसंच्या तसं."

सेक्रेटरी पेन धरून बसून राहिले. सुमेधा हलली नाही. शेवटी त्यांनी मान खाली घालून लिहिलं, तेव्हाच ती बसली आणि तुटलेलं सूत जोडायला लागली.

ठराव मात्र पास झाला. हात भराभर वर झाले. शेजारच्या गोजरामावशींचाही झाला. त्यांचा मुलगा दिपेश कमिटीत होता. घरी परतताना मावशींनी तिला जिन्यापाशी गाठलं. "रागवू नको गो. आमचे शेतान या घोरपरी ढिगानं व्हत्या. तवा कोन बोंबलत नव्हता. पन पोराचे म्होरं काय बोलनार मी?"

"तुमच्यावर राग नाही, मावशी," सुमेधा म्हणाली. थोडा होता, पण तो बोलून दाखवण्यासारखा नव्हता.

आठवड्याभरात कामगार आले. एकेका अंगणात खडी पडली, सिमेंट पडलं, वर करड्या फरश्या बसल्या. गोजरामावशींची कर्दळ उपटून कचऱ्याच्या गाडीत गेली. मग मुकादम सुमेधाच्या अंगणाच्या फाटकाशी आला. तिथे ती प्लॅस्टिकची खुर्ची अडवी टाकून कातत बसली होती.

"बाई, बाजूला व्हा. आम्हाला ऑर्डर आहे."

"माझी नाही ना ऑर्डर? मग इथे पाय टाकायचा नाही. तुमच्याशी भांडण नाही माझं. सावलीत बसा, पाणी देते."

मुकादमाने फोन लावला. शिवतेज ऑफिसचे कपडे घालून खाली आले. आता बोलणं गोड राहिलं नव्हतं.

"हा मेजॉरिटीचा निर्णय आहे. पोलिसांना बोलवावं लागेल मला."

"बोलवा की. मीही वनखात्याला फोन करते. घोरपडीला कायद्याचं संरक्षण आहे. तिचं बीळ या भिंतीखाली आहे. भोकं बुजवून तिला आत गाडलंत, तर कागदावर पहिलं नाव अध्यक्षांचं येईल."

"तुम्ही धमकी देताय?"

"हो," सुमेधा म्हणाली. "आजवर कधी दिली नव्हती. बघते जमते का."

कामगारांतला एकजण फिसकन हसला आणि त्याने तोंडावर गमछा धरला. शिवतेजनी अभयकडे पाहिलं. तो दारात चहाचा कप घेऊन उभा होता. "अभयराव, तुम्ही तरी समजवा. तुम्ही समंजस माणूस."

अभय आयुष्यात कोणाला वर तोंड करून बोलला नव्हता. ऑफिसात साहेबांनी टेबल बदललं तरी हा निमूट खुर्ची उचलून जायचा. तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी सभेत मी तिला गप्प बसवत होतो. चुकलं माझं. आता नाही बसवणार." मग आत गेला आणि आणखी एक खुर्ची आणून तिच्या शेजारी मांडून बसला. कातता येत नव्हतं, म्हणून नुसताच हाताची घडी घालून बसला.

दुपारपर्यंत कोणी पोलीस आला नाही. मुकादमाने घमेली गोळा केली आणि म्हणाला, "साहेब, घरचं भांडण मिटलं की बोलवा." ते परत आलेच नाहीत.

पुढे काय झालं म्हणाल, तर फार मोठं काही नाही. सोसायटी सुधारली नाही. लिफ्टपाशी काही जण अजून तिला बघून मोबाईल काढतात. शिंकेएवढ्या कारणावरून तिला नोटीस येते आणि ती दरवेळी उत्तर देते. उन्हाळ्यात बाकीच्या अंगणांतल्या फरश्या इतक्या तापल्या की अनवाणी उभं राहता येईना. गोजरामावशी संध्याकाळी बोळातून हळूच येतात आणि सुमेधाच्या मातीत पाय पसरून बसतात. दोघी त्या सभेचा विषय काढत नाहीत. घोरपड मात्र सगळं रान सोडून याच अंगणात ठाण मांडून आहे, आणि पाचव्या मजल्यावरची एक मुलगी दुर्बीण घेऊन तिला वरून न्याहाळत असते.

नोटीस बोर्डावर कमिटीच्या निवडणुकीचा कागद लागला, त्या सकाळी सुमेधा टप धुऊन हात पुसत तशीच लिफ्टमध्ये शिरली. तिच्या अंगाला ओल्या लोकरीचा वास होता. आत शिवतेज होते. ते किंचित मागे सरकले.

"वर सोसायटीचं ऑफिस उघडंय का?" तिने विचारलं. "अध्यक्षपदाचा अर्ज भरायचाय."

"तुम्हाला मतं कोण देणार, मॅडम?" शिवतेजना राहवलं नाही.

"ते मोजल्यावर कळेल," सुमेधा म्हणाली आणि तिने बटण दाबलं.