हिरीचं नाक आणि निळ्या कळशा

१९७४ साली लोणावळ्याजवळच्या एका कारखान्याला आंदर मावळातल्या ठाकरवाडीची फार दया आली. तिथल्या बाया जड हंडे घेऊन टेकाड चढतात, हे कंपनीच्या लक्षात आलं होतं. आपल्या निळ्या प्लॅस्टिकच्या कळशा बाजारात खपत नाहीत, हेही त्याच सुमारास लक्षात आलं होतं. मग वाडीत वीस कळशा फुकट वाटल्या. भाषण झालं, फोटो निघाले.

महिन्यानं कारखान्याचा केमिस्ट हौशीराम केदारी पाहायला गेला, तर निम्म्या कळशांत नाचणीचं बी भरलेलं, उरलेल्या गोठ्यात.

"पानी वास मारतंय," हिरी म्हणाली. पन्नाशीची बाई, जन्मभर झऱ्याचं पाणी भरलेली.

"प्लॅस्टिकला वास नसतो, मावशी. मनाचे खेळ आहेत."

"मन नाकात आसतं व्हय?"

बी.एस्सी. झालेल्या माणसाला हे लागणारच. त्यानं तिला कारखान्यात बोलावून रीतसर परीक्षा मांडली. काचेचे सहा पेले; तिनांत झऱ्याचं पाणी, तिनांत तेच पाणी रात्रभर तीन वेगवेगळ्या कळशांत ठेवलेलं. खुणा तळाला. आधी मॅनेजरसाहेबांनी सिगारेट बाजूला ठेवून सगळे पेले हुंगले आणि सहाही उत्तम ठरवले.

हिरीनं चूळ भरली. "वाईच कोमट करा. गार पान्यात वास दडून ऱ्हातो."

पाणी कोमट झालं. तिनं नेमके तीन पेले बाजूला सारले. हौशीरामनं जागा बदलल्या, पुन्हा बदलल्या. तिचं एकदाही चुकलं नाही. शेवटी एक पेला उचलून ती म्हणाली, "ह्येला तर जुन्या चपलंचा वास येतोय."

मॅनेजर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हौशीराम हसला नाही. त्या पेल्यातलं पाणी ज्या कळशीतलं, ती नव्या मालातली होती. तो तडक मागच्या शेडमध्ये गेला. तिथं भंगारातल्या प्लॅस्टिकच्या चपलांची पोती यंत्रात रिकामी होत होती. काटकसरीची ही कल्पना मॅनेजरांचीच.

चपला बंद झाल्या. 'आमच्या अद्ययावत प्रयोगशाळेत दोष वेळीच उघडकीस आला,' असं कंपनीनं मोठ्या अभिमानानं कळवलं. ही प्रयोगशाळा आता दर गुरुवारी कळशा हुंगायला सात मैल चालून यायची.

हजेरीबुकात मॅनेजरांनी हिरीच्या नावापुढं 'पाणी भरणारी' लिहिलं. हौशीरामला आपल्या 'मनाचे खेळ'ची लाज वाटली. त्यानं ते खोडून 'परीक्षक' केलं.

"तिचं शिक्षण काय?" मॅनेजर कडाडले आणि त्यांनीही खोडलं.

हौशीरामनं पुन्हा लिहिलं, या खेपेला शाईनं. "माझं बी.एस्सी. झालंय, साहेब. मला कुठं वास आला?"

मॅनेजरांनी पेन खाली ठेवलं. हिरीनं त्या दिवशीच्या दोन कळशा नापास केल्या आणि पदर खोचला.

"फुडच्या बेस्तरवारी म्या न्हाई येनार. भाताची लावनी हाय."

"आणि आमचा माल?" मॅनेजरांनी विचारलं.

"थांबंल की."

माल थांबला. लावणी पंधरा दिवस चालली.