पितळी दट्ट्या आणि पेरणारा अंगठा

मी एक जुना पितळी दट्ट्या आहे. चाकूरच्या बसस्टँडमागं बसलिंगप्पांचं लेथचं दुकान आहे, तिथं माझा जन्म झाला. तेव्हा अप्पांच्या मिशा काळ्याभोर होत्या, आता पांढऱ्या झाल्या आहेत. त्यावरून माझं वय तुम्हीच काढा. मित्रांनो, मी दिसायला तुमच्या करंगळीएवढा. खाली बाभळीच्या लाकडाची गोल मूठ आणि वर पितळेचं बोट. मला बघून कुणी वाटेत थांबत नाही.

पण अप्पांनी मला घडवलं ते एका नाजूक कामासाठी. फवारणीच्या पाठीवरच्या पंपात एक इवलं पितळी बुश, म्हणजे बारीक कडं, असतं. ते जरा तिरकं बसलं, की पंप गळतो आणि औषध फवारणाऱ्याच्या पाठीवर ओघळतं. अप्पा ते बुश माझ्या टोकावर ठेवायचे, पंपाच्या तोंडाशी आणायचे आणि हळूच दाबायचे. ठोकायचे नाहीत. बाळाला झबलं घालताना आई त्याचा हात बाहीतून कसा अलगद सरकवते, तसं. बुश बसलं की म्हणायचे, "सरळ बसलं तरच बसलं म्हणायचं. न्हाईतर नुसतं अडकलं." मला ते ऐकून फार बरं वाटायचं. आषाढ-श्रावणात तर दुकानापुढं पंपांची रांग लागायची आणि दिवसभर मी कुणाच्या ना कुणाच्या पंपात डोकं घालून असायचो.

मग बॅटरीचे पंप आले. त्यांत माझं बुश नव्हतं. मी फळीवर गेलो. अप्पा मला टाकून द्यायला तयार नव्हते, पण कामही देईनात. पंखा लावला की वर्तमानपत्र उडू नये म्हणून मला त्यावर ठेवायचे. एकदा तर त्यांनी माझ्या मुठीनं सुपारी फोडली. मित्रांनो, रागवावं तरी कुणावर? रिकाम्या माणसाला घरचे जसं काहीही काम सांगतात, तसंच ते. माझं बोट काळवंडलं, आणि आपण कशासाठी जन्मलो होतो तेही मी विसरत चाललो.

अशात जुलै महिन्यात एका दुपारी सुमनबाई दुकानात आल्या. सुमनबाई रोजानं शेतात जातात. पूर्वी त्यांचा पंप दर हंगामात आमच्याकडं यायचा, त्यामुळं त्या मला चांगल्या ओळखत होत्या.

"जय भीम, अप्पा."

"शरणार्थ, सुमनबाई. आता कोणता पंप गळून राहिला?"

"पंप न्हाई, अप्पा. पोरीचा अंगठा बिघडलाय."

अप्पांनी लेथ बंद केलं. मग सुमनबाई दारातल्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. मी फळीवरून ऐकत होतो.

त्यांची मुलगी धम्मप्रिया नववीत होती. शाळेच्या मागच्या लांब शेडमध्ये आनंदराज सर मुलींना एअर रायफलनं नेम धरायला शिकवत. दहा मीटरवर पुठ्ठ्याचं लक्ष्य, त्यावर गोल कडी, अगदी मधे दहा गुण. शाळेच्या रायफली जुन्या. नळी मोडून खाली करायची, मागच्या भोकात शिशाचा इवला छर्रा अंगठ्यानं बसवायचा, नळी बंद करायची आणि नेम धरायचा. नांदेडच्या स्पर्धेला तीन मुली जाणार होत्या. दोघी ठरल्या होत्या. तिसरी धम्मप्रिया की स्वप्नाली, ते शनिवारी चाळीस छर्रे मारून ठरायचं होतं. आणि धम्मप्रिया तर वर्षभर नांदेडचंच नाव घेत होती. त्या स्पर्धेचा कागद तिनं घरात आरशाशेजारी चिकटवला होता.

पण तिचं एक विचित्र होतं. चार छर्रे नीट मधे जायचे आणि पाचवा कुठंतरी भलतीकडं. सर म्हणाले, श्वास चुकतोय. तिनं महिनाभर श्वास मोजला. मग सर म्हणाले, डोळे दाखवा. लातूरला जाऊन डोळे दाखवले, डोळे चांगले निघाले. स्वप्नाली तिची मैत्रीण, पण जिभेची तिखट. ती म्हणायची, "धम्मे, तुझा पाचवा छर्रा रोज मामाच्या गावाला जातो का गं?" धम्मप्रिया हसायची आणि घरी येऊन भाकरीला हात लावायची नाही.

दोनच दिवसांपूर्वी ती डबा विसरून गेली, म्हणून सुमनबाई तो द्यायला शेडमध्ये गेल्या. त्यांनी याआधी कधी नेमबाजी पाहिली नव्हती. सगळ्यांची नजर समोरच्या पुठ्ठ्यावर होती. सुमनबाईंना एवढ्या लांबचं कुठलं दिसतंय! त्या आपल्या लेकीच्या हाताकडंच बघत राहिल्या. आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "धम्मा, तू बंदूक भरून न्हाई राहिली. तू पेरून राहिली."

मित्रांनो, टोकणी तुम्ही पाहिली आहे का? तुरीचं बी चिमटीत धरायचं, अंगठ्यानं ओल्या मातीत दाबायचं आणि वर येता येता तोच अंगठा बाजूला ओढून भोक बुजवायचं. दाबलं, ओढलं, पुढं. धम्मप्रिया सुटीत आईबरोबर टोकणीला जायची, नांगे भरायची, म्हणजे उगवलं नाही तिथं पुन्हा बी लावायची. तिचा अंगठा तेच शिकला होता. छर्रा भोकात दाबला की ती नकळत अंगठा बाजूला ओढायची, जशी मातीच सारायची आहे. छर्ऱ्याचा मागचा घेर असतो पातळ, परकराच्या काठासारखा. ओढीनं तो चार-पाच छर्ऱ्यांत एकदा कुठंतरी दुमडायचा. दुमडलेला छर्रा सरळ कसा जाणार?

सरांना आधी हसू आलं. मग त्यांनी मोडलेल्या नळीत पुढून गज घालून तिनं बसवलेला छर्रा मागं ढकलून काढला आणि भिंगाखाली धरला. एका बाजूला काठ चेपला होता. सरांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "सुमनताई, मी आठ महिने हिच्या तोंडाकडं बघत होतो."

दोष सापडला, पण सवय अशी दोन दिवसांत जाते का? अंगठ्याकडं लक्ष दिलं की नेम चुकायचा, नेमाकडं लक्ष दिलं की अंगठा पेरायचा. पोर रडकुंडीला आली. तेव्हा सुमनबाईंना मी आठवलो.

"तुमचा तो दट्ट्या हाय का अजून? बुश बसवायचा?"

अप्पांनी मला उचललं. किती वर्षांनी कुणीतरी माझं नाव घेतलं होतं! पण अप्पा चाचरले. बंदुकीच्या कामाला आपण हात लावत नाही, म्हणाले. ही खेळाची रायफल आहे आणि तिला हात लावायचाच नाही, एवढं सुमनबाईंनी समजावलं, तेव्हा ते तयार झाले. त्यांनी रायफल पाहिलीच नाही. धम्मप्रियानं चार छर्रे आणि भोकाचं माप आणून दिलं, त्यावर त्यांनी काम केलं.

मला पुन्हा लेथवर चढवलं. खरं सांगतो, दुखलं. टोक बारीक कातलं, छर्ऱ्याच्या पोकळीत जाईल असं. त्याच्या मागं एक कड ठेवली, म्हणजे ती नळीला टेकली की पुढं जायचंच नाही. पहिल्यांदा टोक जरा घट्ट झालं. मी छर्रा बसवायचो आणि येताना परत घेऊन यायचो. धम्मप्रिया तर हसायलाच लागली. अप्पांनी पुन्हा पॉलिश पेपर लावला आणि म्हणाले, "सैल बी नको, घट्ट बी नको. पोरीला सासरी सोडायला गेल्यासारखं, पोचवायचं आणि गप माघारी यायचं."

"मी न्हाई जायची एवढ्यात सासरी," धम्मप्रिया म्हणाली.

"तू नांदेडला जा आधी," अप्पा म्हणाले.

मग चार दिवस आम्ही दोघांनी सराव केला. छर्रा टोकावर, टोक भोकाशी, दाब, कड टेकली की थांब, मनात एक म्हण, सरळ माघारी. ती रोज शेकडो वेळा तेच करायची. पाचवा छर्रा आता मामाच्या गावाला जाईना.

शनिवार आला. स्वप्नाली आधी बसली. चाळीस छर्ऱ्यांत तिनं तीनशे एकतीस गुण केले. चांगले होते. धम्मप्रियाला तीनशे बत्तीस हवे होते. चाळीस छर्रे ठरलेल्या वेळातच संपवायचे होते; सरांनी घड्याळ लावलं आणि मागं जाऊन उभे राहिले. नियम म्हणजे नियम. आता त्यांनी एक शब्द बोलायचा नव्हता.

ती शांतपणे मारत गेली. पण मित्रांनो, माझ्यात एक खोट होती, ती आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. अंगठ्यानं दोन क्षणांत होणारं काम माझ्यामुळं पाच-सहा क्षणांचं झालं होतं. मला उचलायचं, छर्रा लावायचा, बसवायचं, खाली ठेवायचं. शिवाय पुठ्ठा बदलायला दोरी ओढायची, तो वेळ वेगळा. पस्तीस छर्रे झाले तेव्हा तिनं घड्याळाकडं पाहिलं. दोन मिनिटं उरली होती. छर्रे पाच.

तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि मला बाजूला सारलं.

मी टेबलाच्या कडेला पडलो होतो, मूठ भिंतीकडं. मला राग नाही आला, भीती वाटली. आता हा अंगठा पुन्हा पेरणार, असंच मला वाटलं. तिनं नळी मोडली. छर्रा ठेवला. अंगठा टेकवला, दाबला आणि थांबली. तिचे ओठ हलले. ती मनातल्या मनात एक म्हणत होती, माझ्याबरोबर म्हणायची तसंच. मग अंगठा सरळ वर आला. ओढला नाही. जराही नाही.

असे पाच छर्रे. पाचव्याचा आवाज झाला आणि लगेच घंटी वाजली.

सरांनी पुठ्ठे उतरवून भिंगानं दोनदा मोजले. तीनशे चौतीस. त्यांनी फळ्यावर तिसरं नाव लिहिलं आणि खडू हातातच धरून उभे राहिले. स्वप्नालीचे डोळे भरले होते, पण ती उठली आणि म्हणाली, "जाऊन राहिलीस तर जा. येताना अर्धापूरची केळी आण माझ्यासाठी, घडभर. दोनचार आणलीस तर बोलणार न्हाई तुझ्याशी."

संध्याकाळी सुमनबाई शेतावरून थेट शाळेत आल्या. लेक धावत गेली आणि बिलगणार, तेवढ्यात त्यांनी तिचा अंगठा पकडला. शिशानं तो काळपट झाला होता. "आधी साबणानं हात धू," त्या म्हणाल्या. "मग सांग." आणि नळाशी त्यांनी स्वतःच तिचा हात धुतला, बोट बोट करून, लहानपणी धुवायच्या तसा. धुता धुता त्यांना कळलं असावं, कारण लेकीनं सांगायच्या आधीच त्या हसत होत्या.

आता मी शाळेच्या शेडमध्येच असतो, एका कापडी पिशवीत. नव्या मुली येतात. कुणाचा अंगठा कापूस वेचून आलेला असतो, कुणाचा शेंगा फोडून. प्रत्येकीला मी थोडे दिवस लागतो. मग एक दिवस ती मला बाजूला ठेवते. पूर्वी बाजूला पडलो तेव्हा मी कुढायचो. आता तसं होत नाही. असं बाजूला पडण्यात मला मोठं समाधान आहे.

मित्रांनो, काम झालं की मला कोरड्या फडक्यानं पुसा, टोकाला तेलाचा एक थेंब लावा आणि माझ्यानं सुपारी तेवढी फोडू नका. आणखी एकच मागणं आहे. तुमच्या शेजारच्याचा नेम चुकला, तर त्याला लगेच नावं ठेवू नका. जरा वाकून त्याचा हात बघा. चुकणारा हात पुष्कळदा आळशी नसतो. दुसरीकडं कुठंतरी तो फार मनापासून काम करून आलेला असतो.