डाव्या मांडीची माळ

उजाडताच दियेनाबू मांगाने चुलीतली राख काढली, कालचा भात ताडतेलात परतला आणि पालथ्या उखळावर बसून ती मांड्यांना मण्यांच्या माळा बांधू लागली. भातकापणी उरकली होती. शुक्रवारी शेजारच्या गावाशी बायकांच्या कुस्त्या होत्या, आणि गावाची मानाची कुस्ती तिचीच होती. उजवी माळ चपखल बसली. डावी मात्र घसरत खाली आली आणि फुगीर गुडघ्यावर अडली.

धाकटा मुलगा पोटात राहण्याआधीच्या एका कुस्तीत डावा पाय वाळूत रुतला होता आणि अंग फिरून गुडघा सुजला होता. सूज ओसरली, तसा सगळ्यांनाच गुडघा बरा वाटला. पुढे दर हंगामात डावी माळ सैल होई. दोरा ताणला असेल म्हणून ती एखाददुसरा मणी काढून वाळक्या भोपळ्याच्या लहान भांड्यात टाकी.

दारातून न्यिमा आत्या म्हणाली, "दोरा ताणतो, तर उजवा का ताणत नाही गं? दोन्ही एकाच रिळाचे ना?"

दियेनाबू हसली. हसता हसता तिने एकेक मांडी दोन्ही हातांत धरून पाहिली; डावी बारीक लागली, आणि ती माळ घेऊन थेट दवाखान्यात गेली.

साम्बूदादा तिथले जुने परिचारक. त्यांनी तिची नडगी हलकेच पुढे ओढली, तर ती टेबलाच्या मोकळ्या खणासारखी सरकली. मग त्यांनी निवांत समजावले. हाडांना बांधून ठेवणारा आतला दोर तेव्हाच तुटला होता. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून तिने नकळत तो जपला, आणि मांडीचा स्नायू आटत गेला. मोकळी हाडे एकमेकांवर घासून मधली गादी झिजली, कडांना नवे हाड वाढले.

"आता मांडीच तुझा दोर," ते म्हणाले. "ती मेहनतीने भरेल."

"आणि शुक्रवार?"

"जिंकशीलही. पण भाताच्या लावणीला चिखलात उभी राहशील का, ते मला विचारू नकोस."

वाटेत तिने बांधावरून आपली खाचरे पाहिली. घरी न जाता ती वडीलधाऱ्या बायकांकडे गेली आणि आपल्या जागी धाकटी जाऊ ओलिमाता उतरेल, असे सांगून आली.

शुक्रवारी तिने रिंगणाकाठी गाणे धरले. ओलिमातासमोर उभ्या असलेल्या, पलीकडच्या गावच्या साली नावाच्या कुस्तीगीर बाईच्या चालीची, तिच्या भाताची, तिच्या नवऱ्याच्या घोरण्याची अशी काही टर उडवली की सालीलाच हसू फुटले आणि त्या हसण्यातच ओलिमाताने तिला आडवे केले. वाळू झटकत साली ओरडली, "तुझ्याशी कुस्ती परवडली असती गं!"

त्यानंतर रोज सकाळी दियेनाबू उखळावर बसून घोट्याला भाताची पिशवी बांधी आणि पाय सरळ उचलून धरी. आत्या शेजारी भात निवडत चिडवायची, "पिशवीला पायाचा पाळणा झालाय."

लावणीच्या तोंडावर एका सकाळी डावी माळ काचू लागली. तिने गाठ सोडली, भोपळ्यातून एक मणी काढून ओवला, माळ पुन्हा बांधली आणि ती खाचराकडे निघाली.