शेपट्यांचा कॅमेरा

ऑक्टोबरात मी हरणवाटेवर लावायचा कॅमेरा विकत घेतला. मी दूधसंघाच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे तुलना करणं रोजचंच. तरी दुकानदार माझ्या प्रश्नांना कंटाळला असावा. अंधारात काही कॅमेऱ्यांचे लाल ठिपके चमकतात आणि हरणं बुजतात. काहींचा उजेड दिसतच नाही, पण चित्रं जरा अंधूक येतात. मी न दिसणारा घेतला. शिवाय चित्र थेट फोनवर पाठवणारा, म्हणजे सारखं तिथे जाऊन माणसाचा वास मागे ठेवायला नको. आणि चटकन टिपणारा. दिराने, डेलमरने, पूर्वी दिलेला एक आमच्याकडे होता; तो इतका मंद की हरीण पुढे निघून जाई आणि चित्रात नुसती शेपटी येई. तो मी घरामागे सफरचंदाच्या झाडाला बांधून टाकला.

नवा ओढ्याकाठी लावला, माझ्या नवऱ्याच्या, लॉरिनच्या, मचाणासमोर, उत्तरेकडे तोंड करून, ऊन भिंगात शिरू नये म्हणून. मचाण म्हणजे चार उंच पायांवरची, खिडकी असलेली लाकडी खोली. जूनमध्ये झाड तोडताना त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी शिकारीचा हंगाम उघडतो, आणि त्या दिवशी लॉरिन घरी बसलाय असं कधी झालं नव्हतं. चाकाच्या खुर्चीतून शिडी चढता येत नाही. ओढ्याकाठी हरणं नेमकी कुठून येतात ते कळलं, तर खुर्ची जमिनीवरच कुठेतरी नेता येईल, असा माझा हिशेब होता.

"कर्ट आणि मी उचलून नेतो तुला वर," डेलमर म्हणाला होता. कर्ट म्हणजे शेजारी.

"पोत्यासारखं न्यायचं असेल तर मी घरीच टीव्ही बघतो," लॉरिन म्हणाला. तो विषय तिथेच संपला.

नोव्हेंबरच्या एका गुरुवारी लॉरिन आत व्यायाम करत होता, मी दवाखान्याच्या बाकावर. फोन वाजला. हरीण असेल म्हणून पाहिलं, तर डेलमर, हातात करवत. मग कर्ट, लाकडाच्या भुश्शाची ढकलगाडी घेऊन. ओढ्याकडच्या चिखलावर त्यांनी वाट घातली होती आणि आता ते मचाणाचे पाय कापत होते. झाडावर कॅमेरा आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी मुद्दाम गुरुवार निवडला होता, दर गुरुवारी आम्ही दवाखान्यात असतो म्हणून.

लॉरिन बाहेर आला. सांगावं की नाही, मला ठरवता येईना. शेवटी फोन त्याच्या हातात दिला. त्याने एकेक चित्र बघितलं, पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

"माझा एकच गेला," तो म्हणाला. "त्या बिचाऱ्याचे चारही."

गाडीत बसल्यावर त्याने चष्मा बराच वेळ पुसला. "अर्डिस, आपण काही पाहिलेलं नाही हं."

पुढच्या आठवड्यात डेलमर आला. "अरे, ते मचाण. पाय कुजले होते. कापावे लागले."

"चारही एकदम कुजले?"

"ओल फार आहे ना."

"आणि वाट?"

"कर्टकडे भुस्सा उरला होता. टाकायचा तरी कुठे?"

"तुला सांगतो, डेलमर, तू खोटं बोलायला लागलास की तुझे कान हलतात." लॉरिनने त्याच्यापुढे कॉफी सरकवली. "थँक यू."

"कान कुठे हलतात," डेलमर म्हणाला आणि कॉफीत बघत बसला.

अडचण वेगळीच होती. करवतीच्या आवाजाने आणि ताज्या लाकडाच्या वासाने ओढ्याकाठची हरणं गेली होती. नवा कॅमेरा रोज रिकामी वाट पाठवत होता. घरामागच्या कॅमेऱ्यात मात्र शेपट्याच शेपट्या. हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, मी लॉरिनला सगळं दाखवलं. बसायची जागा उघड होती: घरामागच्या शेडच्या आडोशाला.

"उद्या मचाणात," तो म्हणाला.

"तिथे काही येणार नाही."

"माहीत आहे मला."

पहाटे मी खुर्ची ढकलत नेली. भुस्सा दाबून बसवला होता, चाक कुठेही रुतलं नाही. मचाणाची खिडकी बरोबर त्याच्या खांद्याच्या उंचीला होती; कुणीतरी खुर्ची मोजून गेलं होतं. नारिंगी कोट घालून आम्ही दुपारपर्यंत बसलो. दिसल्या त्या खारी आणि एक सुतारपक्षी.

जेवायच्या वेळी डेलमर आणि कर्ट सॉसेज घेऊन आले.

"दिसलं काही?" कर्टने विचारलं.

"मोठा नर. शिंगं ही एवढी."

"गोळीचा आवाज नाही आला."

"बघतच राहिलो रे," लॉरिन म्हणाला. त्याचेही कान हलतात.

रविवारी सकाळी त्याने शेडच्या आडोशाने एक मादी मारली. मांसाचे तीन वाटे केले आणि मागच्या दोन्ही तंगड्या त्या दोघांना दिल्या. "तुमच्या मचाणातून मारली," त्याने सांगितलं. दोघे इतके खूश झाले की जागा बघायलाही कुणी गेलं नाही.

मंद कॅमेऱ्यात तिची शेपटी आहे, आणि मागे आमची शेड स्पष्ट दिसतेय. तेवढं चित्र मी कुणाला दाखवलेलं नाही.