सोयाबीनवर ठेवलेला डबा

एकतीस वर्षं जळबा गुरुजींनी पोरांना फुगा सोडून दाखवला होता. हवा मागे गेली म्हणून फुगा पुढे गेला. अवकाशयानालाही मागे फेकायला काहीतरी बरोबर न्यावंच लागतं. मग निवृत्तीच्या वर्षी पेपरात एक बातमी आली. परदेशात कुणी म्हणत होता, काहीही न फेकता, बंद भांड्यातूनच यानाला जोर देता येतो. शास्त्रज्ञ त्यावर भांडत होते. गुरुजींनी मात्र तेव्हापासून चार वर्षं एका पत्र्याच्या डब्याला दिली.

डब्यात जीपच्या वायपरची मोटर, बॅटरी आणि एक लोखंडी गोळा. गोळा झटक्यात मागे जायचा, सावकाश पुढे यायचा. बाहेर काहीच पडत नव्हतं, खाली चाक नव्हतं. तरी डबा सारवलेल्या जमिनीवरून खरडत पुढे जायचा. उद्या पुसेगावच्या शाळेत तो दाखवायचा होता. हेडमास्तर रवींद्र त्यांचाच विद्यार्थी; त्यानं तालुक्यातले विज्ञानाचे मास्तरही बोलावले होते. आपला फुग्याचा धडा अपुरा होता, हे गुरुजी सगळ्यांसमोर सांगणार होते.

दुपारी त्यांची बायको पंचफुलाबाई घर सारवत होत्या, म्हणून गुरुजींनी डबा अंगणात आणला. तिथं ताडपत्रीवर सोयाबीन वाळत होतं. त्यातच डबा टेकवून त्यांनी बटण दाबलं.

डबा जागीच मागेपुढे झाला. गेला नाही.

बॅटरी उतरली असेल म्हणून त्यांनी तो पायरीवर ठेवला. चालला. पुन्हा दाण्यांवर ठेवला. नुसता थरथरला. तीनदा करून पाहिल्यावर ते पायरीवर बसले. खांदे भरून आले होते.

पंचफुलाबाई शेणाचे हात धुऊन बाहेर आल्या. "काहून बंद पडलं?"

"बंद न्हाई. हलून राहिलं, पर जाऊन न्हाई राहिलं."

मग त्यांनी सावकाश सांगितलं, वर्गात सांगत तसं. डबा इतके दिवस जमिनीलाच मागे रेटत होता. दाणे गोल, पायाखालून निसटतात, रेटायला काही उरत नाही. आणि आभाळात तर दाणेसुद्धा नाहीत.

पंचफुलाबाईंनी थोडा विचार केला. "म्हंजी चार वर्षं माझं सारवण उकरून चाललं व्हय ते? मी म्हनतच होते."

गुरुजींना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचेपर्यंत दमलं. त्या म्हणाल्या, ताप आला म्हणून रवींद्रला निरोप धाडू, कुणाला कळायचं नाही. निरोप धाडला तर निजायला मिळेल, एवढंच आधी गुरुजींच्या मनात आलं. मग पुढच्या बाकांवरची लेकरं आठवली. डबा चालताना पाहून ती टाळ्या वाजवतील, आणि टाळ्या थांबल्यावर कुणीतरी विचारेल, गुरुजी, असं कसं?

त्यांनी डब्याची तार सोडवली, गोळा पुसला.

"एका पिशवीत चार पायल्या सोयाबीन भरून ठेव," ते म्हणाले.

"शाळेत काय करायचं सोयाबीन?"

"आधी फरशीवर चालवतो. मंग खाली दाणे टाकतो."