बॅग निघाली, माणूस घरीच

मी प्रफुल्लची निळी सुटकेस बोलतेय. सौंसरच्या आमच्या घरात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, भरून उभी आहे. नागपूरची बस यायला अजून वेळ आहे आणि मालक बाहेर गेलाय. ऐन निघायच्या दिवशी कुठे गेलाय, ते शेवटी सांगते. तोवर माझी हकिगत ऐकून घ्या. आम्हा सुटकेसांना बोलायची संधी फारशी मिळत नाही, कायम तोंडाला चेन लावलेली असते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते नागपूरचं सीताबर्डीवरचं दुकान. येणारे-जाणारे मला चार पावलं ओढून बघायचे आणि सोडून द्यायचे. पुंडलिकरावांनी मात्र मला आडवी केली आणि सरळ माझ्यावर बसले.

दुकानदार म्हणाला, "काका, ही बसायची वस्तू नाही."

"पोरगं कतारले चाल्लं," पुंडलिकराव म्हणाले. "तिथं याले बसाले खुर्ची कोन देईन?"

मी मोडले नाही, म्हणून विकत घेतली गेले. घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं, कलाबाईंनी, माझ्या मुठीला लाल फीत बांधली. जगातल्या अर्ध्या सुटकेसा निळ्याच असतात, तेव्हा पोराला आपली ओळखू यावी, एवढाच हेतू. ती फीत अजून आहे, आता जरा विटलीय.

प्रफुल्ल या दोघांचा एकुलता एक मुलगा. दोह्याला पाण्याच्या पाइपलाइनी टाकणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. जाताना माझ्या पोटात तिखट, कुरड्या, तिळाची चटणी आणि संत्र्याची बर्फी असायची. येताना खजूर, अत्तर आणि दुखऱ्या गुडघ्यांसाठी बाम. मधले अकरा महिने मी तिकडच्या त्याच्या खोलीत पलंगाखाली पडून असायचे. खोलीत तिघं जण. शुक्रवारी क्रिकेट, मग बिर्याणी, मग ढाराढूर झोप. पलंगाखाली सगळं ऐकू येतं.

दरवर्षी तो तीन आठवड्यांसाठी घरी यायचा आणि दरवर्षी कलाबाई म्हणायच्या, "थांब नं अजून आठ दिवस." पहिल्या वर्षी त्यानं कंपनीचं नाव पुढं केलं, दुसऱ्या वर्षी तिकिटाचं. तिसऱ्या वर्षी विमानतळावर मी त्याच्या पायाशी उभी असताना शेजारच्या एका गृहस्थानं त्याला आयकराचा नियम समजावून सांगितला. परदेशात नोकरी करणारा माणूस वर्षात ठरावीक दिवसांपेक्षा जास्त भारतात राहिला, तर सरकार त्याला इथला रहिवासी धरतं आणि मग तिकडच्या पगारावरही इथं कर लागतो. दिवस किती, तेही त्या भल्या माणसानं सांगितलं होतं. प्रफुल्ल नियम तेवढा घरी घेऊन आला, आकडा विमानतळावरच ठेवून आला.

त्या वर्षी "थांब नं" ऐकल्याबरोबर त्यानं चेहरा गंभीर केला. "आई, सरकार दिवस मोजते. जास्त राहिलो तं तिकडच्या पगारावर इथं टॅक्स बसते."

मात्रा बरोबर लागू पडली. पुंडलिकराव कायद्याला मानणारे, मोकळ्या रस्त्यावरसुद्धा हात दाखवल्याशिवाय स्कूटर वळवत नाहीत. "कायदा हाय तं हाय," ते म्हणाले. "जाऊ दे त्याले." कलाबाईंना वाईट वाटलं, पण थोडी ऐटही आली. गल्लीत त्या सांगत सुटल्या, "माह्या पोराचे दिवस सरकार मोजून राहिलं." बाकीच्यांची पोरं इंदूरला नाहीतर पुण्याला होती. त्यांचे दिवस मोजायला सरकारला कुठली फुरसत!

खरं कारण मला ठाऊक होतं. दोह्याच्या खोलीत एकदा तो फोनवर कुणाला तरी म्हणाला होता, "घरी दोन हप्ते ठीक वाटते रे. मंग करमत नाही." मुलगा वाईट नाही. घराची सवय मोडली होती त्याची, आणि हे आईला सांगायची लाज वाटत होती.

यंदा तो नोव्हेंबरच्या मध्यावर आला. पुंडलिकरावांना मोतीबिंदू झाला होता, आणि नागपूरच्या डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली ती नेमकी प्रफुल्लच्या तिकिटानंतर आठ दिवसांची. "त्यात काय, पंधरा मिनिटाचं काम," पुंडलिकराव सगळ्यांना सांगायचे. पण एका संध्याकाळी बायकोजवळ हळूच म्हणाले, "तो असता तं बरं झालं असतं, नाही?"  कलाबाई विचाराला लागल्या.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. निघायच्या दिवशी मुहूर्त चांगला नसला, तर आधीच्या एखाद्या बऱ्या दिवशी सामान शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. सामान निघालं की माणूस निघाला असं धरायचं. माणूस मग खुशाल घरी जेवतो, झोपतो आणि त्याच्या दिवशी जातो. प्रफुल्लचं तिकीट रविवारचं होतं. गुरुवारी सकाळी कलाबाईंनी माझ्यात दोन शर्ट टाकले, एक सुपारी आणि हळकुंड ठेवलं आणि मला उचललं.

"बॅग कुठं नेऊन राहिली?" प्रफुल्लनं विचारलं.

"परस्थान ठेवतो तुह्यं. रविवार बरा नाही."

त्यानं मोबाइलमधून मानही वर केली नाही.

समोर हेमराज मास्तरांचं घर आहे. त्यांची सून स्मिता पांढुर्ण्याला लोकांचे आयकराचे रिटर्न भरून देते, रोज बसनं जाऊन-येऊन. संध्याकाळी ती दमून घरात शिरली, तर तिच्या सोफ्याशेजारी मी ऐटीत उभी, आणि सोफ्यावर कलाबाई तिची वाट बघत बसलेल्या.

"काकू, ही बॅग कोणाची?"

कलाबाईंनी आवाज उतरवला. "प्रफुल्लचं परस्थान हाय. आजपासून तो निघाला. आता त्याचे दिवस बंद. सरकारनं विचारलं तं सांगजो, बॅग निघाली म्हणून. मंग तो घरी आठ दिवस राहिला काय अन् पंधरा राहिला काय!"

मला हसू आवरेना. म्हणजे त्या घटकेला सरकारच्या हिशेबात मी कतारच्या वाटेवर होते, आणि प्रफुल्ल समोरच्या घरात वांग्याचं भरीत हाणत होता.

स्मिताही हसली, पण बाईंचा चेहरा बघून थांबली. "काकू, सरकार बॅग नाही पाहत. पासपोर्टवर यायची-जायची तारीख असते, ती पाहते."

"मतलब त्याले जाच लागन?"

"थांबा. तो आला कधी?"

"तीन हप्ते झाले."

"अन् एप्रिलपासून आणखी कधी आला होता?"

"कुठचं! वर्षातून एकदाच तं येते."

स्मितानं खांद्यावरची पर्स खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली. "बाहेर नोकरी करणारा माणूस घरी भेटायला आला, तर त्याला एकशे ब्याऐंशी दिवसांचा नियम आहे. अर्धं वर्ष. त्याच्या आत परत गेला, तर तिकडच्या पगाराला इथं कोणी हात नाही लावत. इथली कमाई लय मोठी असली तर नियम जरा आवळते, पण त्याची कुठं तेवढी आहे?"

 कलाबाई माझी लाल फीत बोटांनी सरळ करत राहिल्या, ती सरळ झाल्यावरही करत राहिल्या. मग म्हणाल्या, "अर्धं वर्ष?"

"हो. त्याला टॅक्स पाहायचा तो इथल्या कमाईचा. पांढुर्ण्यात त्याच्या नावाचे दोन गाळे आहेत ना, त्यांचं भाडं येते, बँकेचं व्याज येते. ते ठरलेल्या रकमेच्या वर जाते, म्हणजे रिटर्न भरावंच लागते, तो इथं एक दिवस नाही आला तरी. भरलं का त्यानं?"

"तो म्हणते मी तिकडचा, मले इथं काही लागत नाही."

"लागते, काकू. जुलैची तारीख तर गेली. आता दंड देऊन डिसेंबरअखेरपर्यंत भरता येईल."

कलाबाईंनी मनातल्या मनात सगळं जुळवलं. "म्हणजे जो टॅक्स लागत नाही, त्याले भेऊन पळते. अन् जो लागते, त्याच्याकडं पाहत नाही."

त्या उठल्या आणि मला ओढत रस्ता ओलांडून घरी निघाल्या. डोळे भरले होते. माझं एक चाक त्या दिवसापासून कुरकुरतं. वाटभर तेवढं चाकच काय ते बोलत होतं.

आता घरात कडाक्याचं भांडण होणार म्हणून मी कान टवकारून बसले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल्लचा चहा आला तो फुलाफुलांच्या कपात. हे कप काचेच्या कपाटात असतात आणि व्याही किंवा बँकेचे मॅनेजर आले तरच बाहेर निघतात. खाली बशी, बशीत दोन बिस्किटं.

"घ्या, पाव्हणे," कलाबाई म्हणाल्या.

"काय आई!" प्रफुल्ल हसला.

आंघोळीला कोरा टॉवेल आला. पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात निघाला, तर दारातच अडवलं. "तुम्ही कायले तरास घेता? बसा, आणून देतो." रात्रीची भाकर दह्यात कुस्करून खायची त्याची लहानपणापासूनची आवड. ती मागितली, तर "पाव्हण्याले शिळं देत नाही आम्ही," म्हणून पुढ्यात साजूक तुपातला शिरा ठेवला.

पुंडलिकरावांना आधी काही उमजेना. बायकोनं आत नेऊन कानात काहीतरी सांगितलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. मग मुलासमोर मांडी घालून बसले, धूसर डोळ्यांनी त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "मंग, पाव्हणे? तुमच्या तिकडं पाऊसपाणी कसं काय यंदा?"

"बाबा, दोह्याले कुठचा पाऊस!"

"असं का? मंग पेरण्या लांबल्या असतीन."

असं शनिवारपर्यंत चाललं. प्रफुल्लनं रागावून पाहिलं, लाडात येऊन पाहिलं, पण दोघांचं 'तुम्ही' काही सुटेना. हे का चाललंय, असं मात्र त्यानं एकदाही विचारलं नाही. त्यावरून मी काय ते समजले.

रविवारी मला भरून दारात आणलं. कलाबाई ताट घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, खांद्यावर नवा दुपट्टा घातला आणि हातात नारळ दिला. आमच्या भागात व्याह्यांची पाठवणी अशी करतात. पोटच्या पोराला दुपट्टा-नारळ देऊन कुणी वाटेला लावत नाही.

"या मंग पुन्हा," कलाबाई म्हणाल्या. "आता घर पाहूनच ठेवलं तुम्ही."

प्रफुल्ल नारळ हातात घेऊन उभा राहिला. मग मला आडवी केली आणि माझ्यावरच बसला, पुंडलिकराव दुकानात बसले होते तसाच.

"दिवस हायेत माह्यापाशी," तो म्हणाला. "लय हायेत, आई. मी खोटं बोललो."

"एकशे ब्याऐंशी. माहीत हाय मले."

"इथं आलो का मलेच पाव्हण्यासारखं वाटते. कोणती वस्तू कुठं असते, समजत नाही. तुमचं सारं माह्याबिगर चालू राहते. मंग पळून जावं वाटते."

"पाव्हण्यावानी येतं, तं पाव्हण्यासारखंच वाटन नं रे," कलाबाई म्हणाल्या.  "चौथ्या हप्त्यात राहून पाहिलं का कधी?"

ते 'रे' ऐकून त्यानं मान वर केली. पुंडलिकराव भिंतीकडे तोंड करून विनाकारण कॅलेंडर बघत होते, मोतीबिंदूवाल्या डोळ्यांनी.

त्या दिवशी बस माझ्याशिवाय गेली. त्यानं कंपनीला फोन केला. रजा शिल्लक होती, वर्षानुवर्षं तो ती वापरतच नव्हता. नारळ त्यानं स्वतः अंगणातल्या दगडावर फोडला आणि त्याची चटणी झाली.

ऑपरेशनला तोच घेऊन गेला. पट्टी निघाल्यावर पुंडलिकरावांनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पोट सुटलं रे तुह्यं." पुढे औषधाचे थेंबही तोच टाकायचा. थेंब पडायच्या आधी बाबा डोळा घट्ट मिटत आणि वर विचारत, "पडला का?" चौथ्या आठवड्यात त्याला चहापत्तीचा डबा कुठे असतो ते सापडलं. पाचव्यात तो आईशी टीव्हीच्या आवाजावरून भांडला. मला बरं वाटलं.

स्मितानं त्याला पांढुर्ण्याला नेऊन रिटर्नही भरून घेतलं. घरी आला तो दंडाच्या नावानं बोटं मोडत. कलाबाईंनी स्मिताला एकच विचारलं, "त्या फारमात याच्या नावापुढं काय लिहिलं वो?"

"अनिवासी. म्हणजे इथं न राहणारा."

कलाबाई म्हणाल्या, "राहू दे. सरकारच्या कागदावर तसं राहू दे."

आणि आज तो खरंच निघालाय. मी सकाळपासून भरून तयार आहे. पण ताट नाही, कुंकू नाही, दुपट्टा तर नाहीच. कलाबाई आतूनच ओरडल्या, "पीठ संपलं. जायच्या आधी चक्कीवरून दळण आणून दे."

"आई, अकराची बस हाय माही!"

"मंग लवकर जाय."

गहू भरलेला डबा स्कूटरवर ठेवून तो बडबडत गेला.

जाता जाता तुम्हाला एक विनंती. तुमच्याही घरी वर्षातून एकदा परदेशाहून एखादी सुटकेस येत असेल, तर तिला आल्या आल्या माळ्यावर टाकू नका. आणि तिच्या मालकानं कायदा सांगितला, तर आकडाही विचारून घ्या.

लांबून बसचा भोंगा ऐकू येतोय. प्रफुल्ल अजून गिरणीवरच आहे. कलाबाई दारात आल्या, त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि पायानं मला हळूच थोडं आणखी आत सरकवलं.