अकरा गाण्यांचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी डावीकडची बिजागरी तुटली आहे, पडद्याच्या कोपऱ्यात करड्या रंगाचा एक डाग आहे आणि ‘ळ’ची कळ कधीचीच निखळून पडली आहे. मला पाहून कोणी हळहळू नये, म्हणून आधीच सांगतो की मी मजेत आहे. इतकंच नव्हे, तर आज मी थोडा फुशारलेलोही आहे. का, ते ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एक बाई दिवसभर माझ्यासारख्यांच्या पाठीचे स्क्रू आवळत असत. माझी पहिली तीन वर्षं एका विमा कचेरीत गेली. तिथे मी फक्त पत्रं लिहिली. सगळी पत्रं ‘आपल्या पत्राच्या संदर्भात’ अशीच सुरू होत. मग एक दिवस कचेरीने ठरवलं की मी म्हातारा झालो. नवीन सॉफ्टवेअर माझ्यावर चालेना, म्हणून मला विकायला काढलं.

मला ताईने घेतलं. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. दिवसभर ती लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून खपते आणि संध्याकाळी घरी आली की संगणकाशी खेळत बसते. तिने मला पहिल्या दिवशी चालू केलं, माझा रडतखडत चाललेला कारभार पाच मिनिटं पाहिला आणि म्हणाली, “मशीन म्हातारं झालेलं नाही. सॉफ्टवेअरचं पोट सुटलंय.”

तिने माझ्यातलं सगळं जडजड सामान काढून टाकलं आणि एक हलकीफुलकी, फुकट मिळणारी प्रणाली घातली. मित्रांनो, मी तरुण झालो. कचेरीत सुरू व्हायला मला चार मिनिटं लागत. ताईकडे मी बारा सेकंदांत हजर होऊ लागलो.

ताईचं एक संकेतस्थळ होतं आणि ते माझ्यावरूनच चालत असे. म्हणजे जगात कुठेही कोणी ते उघडलं, की ते पान मी पाठवायचो, फडताळावर बसल्या बसल्या. त्यावर ताई आपली मतं लिहीत असे. मतं तिच्याकडे भरपूर होती. खेळायच्या आधी नाव, पत्ता आणि फोन नंबर मागणाऱ्या संगणकावरच्या एका खेळाबद्दल तिने लिहिलं होतं, “उंबऱ्यावरच चौकशी करणाऱ्या घरी मी पाणीसुद्धा पीत नाही.” दहा मिनिटांत संपणारा खेळ आठवडाभर डोक्यात राहिला तर तो मोठा खेळ, असं तिचं म्हणणं होतं. संकेतस्थळांबद्दल तर ती फारच कडक होती. वाचायला आलेल्या माणसाला वाचायला द्यावं, जत्रा दाखवू नये.

या शेवटच्या मतावरून घरात रोज खटके उडत, कारण तिची धाकटी बहीण एका मोठ्या कंपनीत संकेतस्थळंच बनवत असे. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत.

“ताई, तुझं पान म्हणजे सत्यनारायणाच्या पत्रिकेसारखं दिसतं,” धाकटी म्हणे. “काहीतरी हलू दे, सरकू दे. लोकांना बघायला आवडतं.”

“हलायचं ते वाचणाऱ्याचं डोकं. पान कशाला हलवू?”

तिसरे बाबा. ते छापखान्यातून निवृत्त झालेले अक्षरजुळारी. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते ताईचं प्रत्येक लेखन वाचत आणि मताबद्दल अवाक्षर काढत नसत. “‘पद्धत’मध्ये द आधी, ध मागून,” एवढंच म्हणत. “किती वेळा सांगायचं?”

रोज तीसेक लोक आमच्याकडे वाचायला येत. बाबांना धरून.

एकदा ताईने एका गायकाबद्दल लिहिलं. हा गायक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. एकदा काम करताना तो दोन तास पाचव्या मजल्यावर अडकला होता. तिथे त्याला पहिलं गाणं सुचलं, म्हणून त्याने गायक म्हणून ‘पाचवा मजला’ हेच नाव घेतलं. लिफ्टच्या दोराची घूंऽऽ त्याने सुरासाठी घेतली होती आणि दार बंद होण्याचा धप्प ठेक्यासाठी. त्यावर तो भरड्या, हळव्या आवाजात गात असे. ताईने लिहिलं, “या माणसाने लिफ्टकडून षड्ज मागून घेतला आहे आणि तिने तो आनंदाने दिला आहे.”

लेख वाचून तो स्वतः आभार मानायला घरी आला. ताईने चहा दिला आणि लगेच मुद्द्यावर आली. “दादा, गाण्यांच्या संकेतस्थळावरची तुमची गाणी दाबून-चेपून लहान केलेली आहेत. मला मूळ ऐकायची आहेत.”

तो लाजला. “मूळ ऐकायला आजवर कोणी मागितली नाहीत.” पण दुसऱ्या दिवशी त्याने पेनड्राइव्ह आणून दिला. अकरा गाणी होती. ताईने ती माझ्यात उतरवली, ऐकली आणि राहू दिली.

वर्षं गेली. माझी बिजागरी तुटली. ‘ळ’ निखळला, तेव्हा ताई पेन्सिलीच्या टोकाने ती जागा दाबून काम भागवू लागली. ‘सकाळ’ लिहायचं म्हणजे पेन्सिल शोधा. हे पाहून धाकटीला राहवेना. ताईच्या वाढदिवसाला तिने झुळझुळीत नवा लॅपटॉप आणला. शिवाय ताईचं संकेतस्थळही नव्याने सजवून दिलं आणि ते चालवायचं काम एका कंपनीच्या यंत्रांवर सोपवलं. माझ्यातलं लेखन तिने प्रेमाने एकेक उचललं. अकरा गाणी ज्या पेटीत, म्हणजे फोल्डरमध्ये, होती, ती मात्र मोठी होती. ‘ही कशाला लागणार,’ असं पुटपुटून ती पुढे गेली.

धाकटीवर राग धरू नका. तिने मायेपोटीच केलं. पण मला एका खोक्यात घालून पलंगाखाली सरकवलं, तेव्हा मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. खोक्यात माझ्यासोबत एक मुका रेडिओ आणि तीन चार्जर होते. कोणी कोणाशी बोलत नसे. तिथे मी चौदा महिने काढले.

मग एका शनिवारी सकाळी धाकटीने खोकं उचललं. इमारतीखाली ई-कचऱ्याची गाडी यायची होती. तिने खोकं खाली नेऊन ठेवलं आणि ती परत वर गेली.

पुढचं मला नंतर घरात बोलण्यातून कळलं, पण जसं घडलं तसं सांगतो.

धाकटी वर पोहोचली, तर दारात ‘पाचवा मजला’ उभा. कामाचेच कपडे, हाताला ग्रीस. तो आतल्या ताईला विचारत होता.

“ताई, मागे तुम्हाला गाणी दिली होती. ती असतील का हो अजून?”

झालं होतं असं. एका नवरा-बायकोने चार वर्षं खपून एक छोटा खेळ बनवला होता. दोघंही शाळेत भूगोल शिकवणारे. खेळ होता एका जुन्या इमारतीतल्या लिफ्टचा. तिच्यातून माणसांना ज्याच्या-त्याच्या मजल्यावर पोचवायचं, एवढाच. शेवटी याचं गाणं वाजावं, अशी त्यांची फार इच्छा होती. पण त्यांच्याकडे होती ती चेपलेली प्रत. मोठ्या आवाजात ती खरखरत असे. मूळ ध्वनिमुद्रण शनिवारी दुपारी बारापर्यंत मिळालं तर ठीक, नाहीतर गाण्याशिवायच खेळ पुढे पाठवावा लागणार होता.

“मग मूळ कुठाय?” ताईने विचारलं.

“तो पेनड्राइव्ह मी केव्हाच पुसून दुसऱ्या कामाला घेतला. संगणक गेल्या वर्षी गेला. म्हटलं, हरकत नाही, चेपलेली का होईना, गाण्यांच्या संकेतस्थळावर आहेत. तर ते संकेतस्थळच बंद पडलं. त्यांनी कळवलं होतं म्हणे, पण माझ्या जुन्या पत्त्यावर.” तो हाताचा ग्रीस फडक्याला पुसत राहिला. “दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तसं झालंय. अकरा गाणी केली आयुष्यात. एकही माझ्याकडे नाही.”

ताईने नव्या लॅपटॉपमध्ये शोधलं. नव्हती. पुन्हा शोधलं. मग खिडकीजवळून बाबा म्हणाले, “जुना कुठाय?”

धाकटीचा चेहरा उतरला. ती जिन्याकडे धावली. एका पायात स्वतःची चप्पल होती, दुसऱ्यात बाबांची.

तोवर मी गाडीत होतो. गाडीवाल्याने आमचं खोकं एका पोत्यात रिकामं केलं होतं आणि पोतं इतर पोत्यांवर फेकलं होतं. गाडी सुरू झाली होती. धाकटी गाडीसमोर जाऊन उभी राहिली.

“एक लॅपटॉप चुकून आलाय. परत हवाय.”

“बाई, आत तीस-चाळीस लॅपटॉप आहेत. सगळे काळेच. कोणता तुमचा?”

“‘ळ’ नसलेला,” धाकटी म्हणाली.

गाडीवाला हसला, पण खाली उतरला. दोघांनी मिळून चार पोती उपसली. मला बाहेर काढलं, तेव्हा धाकटीने माझ्यावरची धूळ ओढणीने पुसली आणि मला छातीशी धरून तीन जिने चढली. मित्रांनो, नवा असतानाही मला कोणी असं उचललं नव्हतं.

वर आणून वीज जोडली. मी सुरू होईना. प्रयत्न मी जिवापाड करत होतो. पंखा फिरला, दिवा लागला, पण माझी चकती, म्हणजे सगळं साठवणारी हार्ड डिस्क, नुसती टक-टक करून थांबत होती. घड्याळात साडेदहा झाले होते.

“गेली असेल चकती,” ‘पाचवा मजला’ हळू आवाजात म्हणाला. “जाऊ द्या ताई. तुम्ही केलंत तेवढं खूप झालं.”

“तुम्ही लिफ्ट बंद पडली की लगेच जिना चढायला लागता का?” ताई म्हणाली. “बसा.”

तिने पिशवीतून आपली हत्यारं काढली. चष्म्याच्या काड्या घट्ट करायचा तो इवलासा पेचकस माझ्या स्क्रूंना असा बसला, जणू त्यांच्यासाठीच घडवला होता. ताईने मला उघडलं. आत कित्येक वर्षांची धूळ होती. ती तिने काचा पुसायच्या ब्रशने झाडली. फेकाफेकीत चकतीची जोडणी एका बाजूने सुटली होती. ताईने ती बोटाने हळूच दाबली. कट्, असा आवाज झाला.

दरम्यान धाकटीने केबल आणून मला टीव्हीला जोडलं होतं, कारण माझा पडदा उजळायचं नाव घेत नव्हता. ताईने कळ दाबली. मी सगळं बळ एकवटलं. बारा नाही, तब्बल चाळीस सेकंद घेतले, पण मी उठलो.

पेटी जागेवर होती. आत अकराच्या अकरा गाणी.

ताईने त्यांतलं एक लावलं. दोराची घूंऽऽ खोलीभर पसरली. तो माणूस जमिनीवरच बसला. आपलाच आवाज तो डोळे मिटून ऐकत राहिला. गाणं संपल्यावर म्हणाला, “हे मी गायलंय होय?”

“तुम्हीच,” बाबा म्हणाले. “आणि शब्द शुद्ध आहेत.” बाबांच्या तोंडून इतकी स्तुती घरात कोणी ऐकली नव्हती.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी गाणं पोचलं. बाकीची दहा धाकटीने त्याच बैठकीत दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवली. ते तिला कोणाला सांगावं लागलं नाही.

पुढच्या शुक्रवारी खेळ बाहेर आला. शेवटी गाणं वाजे आणि खाली एक ओळ येई, ‘या गायकाबद्दल इथे वाचा.’ ती वाट थेट ताईच्या लेखाकडे जात होती. खेळ लोकांना इतका आवडला, की सकाळी दहापर्यंत माणसांची रीघ लागली. आणि धाकटीने सजवलेलं, हलणारं, सरकणारं ते संकेतस्थळ धापा टाकत आडवं झालं. पान उघडेना.

धाकटीने कचेरीतून फोन केला. “ताई, जुना चालू कर. तुझं साधं पान त्याच्यावरून लावते.”

“झेपेल त्याला?”

“तुझं पान पोस्टकार्डाएवढं आहे. झेपेल.”

आणि मला झेपलं. ज्याच्या दिवसाचे तीस वाचक, त्याच्याकडे जेवणाच्या सुट्टीपर्यंत नऊ हजार माणसं आली. संध्याकाळी मोजदाद एकेचाळीस हजारांवर गेली. मी एकेकाला पान देत राहिलो. एकही माणूस दारातून परत गेला नाही, आणि माझा पंखा एकदाही जोरात फिरला नाही. एका वाचकाने लिहिलं, “एवढ्या गर्दीत इतकं पटकन उघडणारं पान पहिल्यांदाच पाहिलं. कोणतं महागडं यंत्र आहे हो?” ताईने उत्तरादाखल माझा फोटो लावला, ‘ळ’च्या जागेवरच्या पेन्सिलीसकट.

धाकटी घरी आली आणि माझ्यासमोर बसली. “ताई, तुझं खरं होतं.”

“हे लिहून दे.”

तिने खरंच लिहून दिलं. ‘माझी चुकलेली पद्धत’ या नावाचा तिचा लेख आज आमच्या संकेतस्थळावर सगळ्यात जास्त वाचला जातो. तिच्या कंपनीतही तो वाचला गेला आणि तिथली पानं आता हलकी होऊ लागली आहेत.

मित्रांनो, मला तुमच्याकडे एवढंच मागायचं आहे. जुनी वस्तू टाकायची असेल तर अवश्य टाका, पण आधी तिला वीज द्या आणि तिच्याजवळ काय आहे ते विचारा. ज्या गोष्टीवर तुमचा जीव आहे, ती एकाच दारी ठेवू नका. दुसऱ्याच्या कोठारात ठेवलीत, तरी एक प्रत आपल्या घरी असू द्या. आणि कोणी तुम्हाला आपलं गाणं, खेळ किंवा लेख विश्वासाने दिला, तर तो जपा. त्याच्याकडे दुसरी प्रत नसेलही.

तो शुक्रवार होऊन आता वर्ष झालं. ‘पाचवा मजला’चं बारावं गाणं गेल्या आठवड्यात माझ्याकडे आलं. त्याच्या ओळखीने इतरही येऊ लागले. एक परिचारिका आहे, एक बसचालक आहे, शिवणकाम करणाऱ्या दोन मैत्रिणी आहेत. ते आपली मूळ ध्वनिमुद्रणं ताईकडे ठेवायला देतात आणि ताई ती माझ्यात आणि आणखी दोन ठिकाणी ठेवते. कालपर्यंत सहाशे बारा गाणी झाली. माझी सध्या एकच तक्रार आहे, जागा पुरत नाही. रविवारी ताई मला मोठी चकती बसवणार आहे.